रखवालदार गेला, बारक्या

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

रखवालदार गेला.

तुला हे माझ्याआधीच कळलेलं असणार, तरी सांगते. ही बातमी तुला दुसऱ्या कुणी सांगावी आणि मी गप्प बसावं, हे मला जमेना. परवा दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही म्हणे. वय सत्त्याहत्तर. पेपरात आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली दोन बोटं बातमी, आणि तिच्यात फोटो कुणाचा, तर खाटकाचा! ज्याच्याशी जन्मभर रिंगमध्ये लढला, त्याचा. मी पेपरच्या कचेरीत फोन करून चांगलं झापलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "बाई, दोघं सारखेच दिसतात हो." एकाच्या अंगात लांब कोट आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्याच्या अंगात लाल डागांचा ॲप्रन, आणि म्हणे सारखेच दिसतात. हिच्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही म्हणून फोन ठेवला.

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज न वाचता पुसून टाकतोस. पत्र फेकायला मात्र उठून डब्यापर्यंत जावं लागतं, आणि तू किती आळशी आहेस ते माझ्याइतकं कुणाला माहीत? पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला ओरडू नकोस. आत्याने मागितला आणि तिने दिला, एवढाच तिचा गुन्हा.

बातमी वाचली आणि मी सरळ आपल्या लहानपणीच्या शनिवारी चार वाजता जाऊन पोचले. मी बाराची, तू सहाचा. गोदामावरची रात्रपाळी करून आलेले बाबा पडद्यापलीकडे झोपलेले, आणि आपण टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून कुस्ती बघतोय. सगळं जग ती कुस्ती आरडाओरडा करत बघायचं. आपण तोंडावर उशी धरून बघायचो. तुला काही कळायचं नाही म्हणून मी तुझ्या कानात कुजबुजत सांगायची, "आता खाटकाने मागून धरलंय, आता रखवालदार चिडलाय, आता बघ, किल्ल्या काढल्या." त्याने किल्ल्या वर धरून हलवल्या की तू बाबांचा जुडगा खुंटीवरून काढायचास आणि तो वाजू नये म्हणून दोन्ही मुठीत आवळून धरायचास. मग रखवालदार खाटकाला खाली पाडून त्याचा हात पाठीमागे वळवायचा, मान काखेत घ्यायचा. त्या पेचाला सगळे 'कुलूप' म्हणायचे. एकदा कुलूप लागलं की कुणी सुटायचं नाही. खाटीक मात्र दर वेळी काहीतरी लबाडी करून निसटायचा. त्याने हार म्हणून कधी मानली नाही.

बाबांना आपलं हे वेड ठाऊक होतं. "मीही रखवालदारच आहे," म्हणायचे, "पण मी दार उघडलं तर कुणी टाळ्या वाजवत नाही." त्यानंतर किती दिवस ते घरी आले की तू टाळ्या वाजवायचास. ते लटकं रागवायचे आणि कोट काढायला मुद्दाम वेळ लावायचे.

कुस्ती संपली की आपली सुरू. गादीवर, तीही बिनआवाजाची. ओरडायची सोय नाही, म्हणून तो नियम निघाला. असह्य झालं की गादीवर तीन चापट्या मारायच्या. तीन झाल्या की वरच्याने त्याच क्षणी हात काढायचा, 'सोडलं' म्हणायचं, सुटलेल्याला पाणी आणून द्यायचं आणि त्या भांडणाबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. पुढे हा नियम गादीवरून घरभर पसरला. माझ्या दहावीच्या निकालावरून तू मला चिडवत होतास, तेव्हा मी दारावर तीनदा हात मारला आणि तू अर्ध्या वाक्यात थांबलास. आईला वाटायचं, पोरांना काहीतरी झपाटलंय.

बरं, मुद्द्यावर येते. चौदा मार्चला, शनिवारी दुपारी चार वाजता, इथल्या जुन्या क्रीडागृहात त्याच्या स्मरणार्थ कुस्त्या आहेत. मी दोन तिकिटं काढली. सवयीने म्हण. त्या दिवशी तू टेबलावर हात आपटून निघून गेलास त्याला आता अकरा वर्षं झाली. मीही त्या दिवशी चार शब्द जास्त बोलले असेन. झालं गेलं ते गेलं. तू ये.

तुझी,
ताई


मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी भाऊ लिहितो आणि लिहितो किती, तर एक ओळ. "हात आपटला नव्हता. तू पाहिलं होतंस की नाही, एवढंच सांग." ना प्रिय, ना तुझा. लिफ्ट दुरुस्त केल्यावर मालकाच्या वहीत शेरा मारतोस, त्यातही याहून जास्त मजकूर असेल.

तरी कार्ड मी फ्रीजवर लावलंय. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय हो हे? म्हटलं, भावाचं पत्र आहे. त्या म्हणाल्या, "खूपच बोलका दिसतो."

तू विचारलंस म्हणून सांगते. नाही पाहिलं. चष्मा डोक्यावर होता. तुला ठाऊक आहे, चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस हसतोय की रडतोय तेही कळत नाही. त्यात मी आठ तास क्ष-किरण विभागात उभी राहून आले होते, सदतीस माणसांचे फोटो काढून. कुणाचं मनगट, कुणाची छाती. पाय भरून आलेले. दार उघडलं तर तू आईच्या शेजारी बसलेला, दोघं कुस्ती बघताय, आवाज बंद करून. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती तरी तू आवाज बंदच ठेवला होतास, हे खरं तर मला आत आल्या आल्या जाणवलं होतं.

आणि तू मान वर करून पहिलं वाक्य काय बोललास? "ताई, तू आईला कोंडून कामावर जातेस?"

हो, जात होते. बाहेरून कुलूप लावून जात होते. आधी दोनदा ती घरच्या कपड्यांत बसस्टॉपवर सापडली होती. एकदा गॅस चालू होता. दिवसभर बघायला ठेवलेली बाई तिसऱ्या आठवड्यात काम सोडून गेली होती. हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तू तिकडे बसून नुसता काळजी करशील, आणि तुझी काळजी दूर करायचं आणखी एक काम माझ्या बोडक्यावर येईल. तू चार दिवस येणार, आईला हसवणार, तिच्या वेण्या घालणार. ती मला 'सिस्टर' म्हणायची आणि तुला मात्र नावाने ओळखायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि तोंडाचा पट्टा सुटला. कुणाचाही सुटला असता.

म्हणून म्हणते, मी काही पाहिलं नाही. आता झालं समाधान? चौदा तारखेला ये.

तुझी,
ताई

ता.क. : आईच्या अंत्ययात्रेला तू सगळ्यात मागे उभा होतास. ते मात्र मी पाहिलं होतं. तुझा बूट फाटला होता.


मंगळवार, ३ मार्च

बारक्या,

मागचं पत्र टाकल्यापासून मला चैन नाही. तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. खोट्या पत्राला काय उत्तर द्यायचं?

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

आता सगळं सांगते, आणि सरळ सांगते. त्या संध्याकाळच्या चार महिने आधी रखवालदार माझ्या विभागात आला होता. खराखुरा. सासष्ट वर्षांचा, साध्या सदऱ्यात, हातात चिठ्ठी घेऊन रांगेत बसलेला. कुणी ओळखलं नाही. मी नाव पुकारलं आणि तो उठला, तर उजवा खांदा खाली पडलेला. मी त्याला ओळखलं ते चालण्यावरून. रिंगकडे येताना टाकायचा तशीच पावलं, सावकाश, दारं तपासत चालल्यासारखी. बघण्याच्या नादात 'श्वास रोखा' म्हणायचं विसरले आणि पहिली प्लेट वाया गेली. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझी हाललेली ती पहिली प्लेट.

पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. पण तो आता नाही, आणि तू बाहेरचा नाहीस. त्याचा खांदा, बरगड्या आणि मान मी पडद्यावर पाहिली. बरगड्या सहा ठिकाणी मोडून जुळलेल्या. मानेतले दोन मणके एकमेकांना चिकटलेले. खांद्याची खोबण झिजून सपाट. मला बघवेना. मी न राहवून विचारलं, "लागायचं का हो खरंच?"

तो हसला. म्हणाला, "कुणी पडायचं ते आधी ठरायचं, बाई. पडावं मात्र खरंच लागतं. जमीन काही आपल्यात सामील नसते."

मग म्हणाला, "पण मान कधी मोडली नाही हो कुणी. चाळीस वर्षं खाटकाने धरली आणि मी त्याची धरली. कुलूप लावलं की तो माझ्या मनगटावर बोटाने तीनदा दाबायचा. लोकांना दिसायचं नाही. मी लगेच सैल करायचो. मग तो निसटायचा आणि लोक मला शिव्या घालायचे, की पुन्हा सोडलंस."

बारक्या, तो नियम आपण शोधून काढला असं मला जन्मभर वाटत होतं. तो त्यांचाही होता. फक्त त्यांचा आपल्याहून गुपचूप होता.

त्याने विचारलं, घरी कुणी बघतं का कुस्ती? मी म्हटलं, भाऊ, बारक्या. लहानपणी टीव्हीचा आवाज बंद करून बघायचो, वडील रखवालदार होते, रात्रपाळीचे. त्याने फोटोच्या रिकाम्या पाकिटावर डाव्या हाताने लिहून दिलं, कारण उजवा उचलत नव्हता. ते पाकीट मी तुझ्यासाठी जपून ठेवलं. तू येणार होतास. शेवटच्या दिवशी, तू निघताना द्यायचं असं ठरवलं होतं. चार महिने ते कपाटात चादरींखाली होतं आणि माझ्या पोटात आनंद मावत नव्हता.

आणि तू आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुला काय म्हणाले? "बाबा गेले तेव्हा तू कुठे होतास? खोट्या मारामारीला टाळ्या वाजवत होतास."

खोटी. ती हाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मी बाई, मीच त्या मारामारीला खोटी म्हणाले. आणि दुसरं त्याहून वाईट. त्या शनिवारच्या खेळाचं तिकीट तुला बाबांनीच आणून दिलं होतं. तू नको म्हणत होतास, त्यांना दम लागत होता म्हणून. ते म्हणाले, "जा, आणि आल्यावर मला आवाजासकट सांग." मी दारातच उभी होते, बारक्या. मी ऐकलं होतं. आपण दोघांनी ते कधीच काढायचं नाही असं न बोलता ठरवलं होतं. मी काढलं.

मग तू टेबलावर तळहात ठेवलास. आपटला नाहीस. इतका हळू तीनदा टेकवलास की शेजारी बसलेल्या आईनेही पाहिलं नाही. एक, दोन, तीन. माझ्याकडे बघत. सहा वर्षांचा होतास तेव्हा बघायचास तसाच बघत होतास.

मी पाहिलं. मोजलंसुद्धा. आणि मी थांबले नाही. म्हणाले, "आईही अशीच जाईल. तू टाळ्याच वाजवत बस."

मला सोडायचं नव्हतं. कितीतरी महिन्यांनी कुणावर तरी माझा वचक बसला होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते. पण तू एवढंच विचारलं होतंस आणि तेवढंही मी धड सांगितलं नव्हतं.

तुझी लेक कळवते की माझी पत्रं तू घरात वाचत नाहीस, कामावर घेऊन जातोस आणि लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून वाचतोस. हेही तिथेच वाच. तिथे आवाज फार असतो ना? मग रडलास तरी चालेल. मी तर इथे शांततेत रडतेय.

ताई


रविवार, १५ मार्च

प्रिय बारक्या,

काल मी गेले. तू आला नाहीस. तुझ्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती. एका गृहस्थांनी विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"भाऊ आहे."

"कुठे गेलेत?"

"येतोय."

ते भले गृहस्थ तीन तास जिन्यावर बसले. शेवटी मलाच कसंतरी झालं, पण पर्स काही मी उचलली नाही.

क्रीडागृह खचाखच भरलेलं. बाकांना तोच तेलकट हिरवा रंग. आपल्या वयाची माणसं, गुडघे धरत पायऱ्या चढणारी, आणि एका आजीबाईंनी तर घरून किल्ल्यांचा जुडगा आणला होता. कुस्त्या झाल्या त्या झाल्या. नव्या पोरांना उड्या फार मारता येतात, थांबता येत नाही. तू असतास तर हेच म्हणाला असतास, म्हणून तुझ्या वतीने मी शेजारणीला सांगितलं.

मग दिवे मंद केले. कुस्तीगीर गेला की त्याच्यासाठी घंटेचे दहा टोले देतात, हे आपण कितीदा वाचलं होतं. पण बारक्या, मी ती घंटा कधी ऐकलीच नव्हती! शेकडो कुस्त्या बघितल्या आणि घंटा एकदाही नाही. पहिला टोला पडला आणि मी दचकले. केवढा मोठा आवाज. माझ्या मनात पहिला विचार आला, बाबा जागे होतील. मी खरंच मागे वळून बघितलं. मग दहाही टोले उभी राहून ऐकले. तू त्या शनिवारी बाबांना सांगायला आणणार होतास तो आवाज हाच असणार.

दहावा टोला विरला आणि पलीकडच्या दारातून खाटीक आला. ॲप्रन घालून, काठी टेकत. जन्मभर ज्याला लोकांनी शिव्या दिल्या, त्याला बघून एकही माणूस ओरडला नाही. त्याच्या हातात रखवालदाराचा जुडगा होता. दोघांनी धरून त्याला रिंगमध्ये चढवलं. त्याने किल्ल्या मधोमध ठेवल्या. मग काठी बाजूला टाकली, गुडघ्यावर बसायला त्याला किती वेळ लागला म्हणून सांगू, आणि तळहाताने त्याने रिंगच्या फळ्यांवर तीन चापट्या मारल्या. सगळ्यांना ऐकू जातील अशा. चाळीस वर्षांत कधी हार न मानलेला खाटीक.

लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. मी मात्र त्याच्याकडेच बघत होते, कारण तो उठत नव्हता. मान खाली घालून तसाच बसून राहिला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा थकला. मला कळलं. तो वाट बघत होता. तीन चापट्या मारल्यावर समोरच्याने सोडायचं असतं, आणि समोरचा आता नव्हता. शेवटी त्या दोघांनी त्याला काखेत धरून उठवलं. घरी येईपर्यंत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

गेला महिनाभर मी तुला पत्रं लिहितेय, ये म्हणतेय, चुकलं म्हणतेय. मला वाटत होतं आता चापट्या मारायची पाळी माझी आहे. तसं नाही. तुझ्या तीन कधीच मारून झाल्यात. अकरा वर्षं त्या टेबलावर पडून आहेत, आणि एक शब्द बोलायचा होता तो मी. खाटकाला जे मिळालं नाही ते मला अजून देता येतं, कारण मी आहे आणि तूही आहेस.

सोबत पाकीट पाठवतेय. डाव्या हाताचं अक्षर आहे, हसू नकोस. त्याने लिहिलंय, 'बारक्यास, आवाज मोठा कर. बाबांना आता ऐकू दे.' बाबा गेलेत हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. कदाचित 'होते' म्हणाले असेन.

टेबल तेच आहे. तुझ्या बाजूची खुर्ची थोडी डुगडुगते, ती तूच येऊन नीट कर. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन ग्लास भरून आणला आणि तू हात ठेवला होतास तिथे ठेवला. रोज पाणी बदलत जाईन.

सोडलं, बारक्या.

ताई